आधी कपलर, मग पाना

बाय, मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला म्हणून लगेच नवा सेन्सर मागवू नकोस. हा पहिला कानमंत्र, आणि पुढचे सगळे याच्याच पोटातले. कुणीतरी स्कॅनर लावतो, 'टेम्परेचर सेन्सर गेला' म्हणतो आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो. पण सेन्सर गेला असं स्कॅनर सांगतच नाही. त्या सेन्सरच्या वायरीवरून येणारा आकडा पटण्यासारखा नाही, एवढंच तो सांगतो. पी ०११८ हा कोड आला तर त्या वाटेवर कुठेतरी सर्किट तुटलेलं आहे, पी ०११७ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. कुठे, ते आपणच शोधायचं. सेन्सरच्या पोटात असेल, कपलरमधल्या, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या जोडातल्या, गंजलेल्या पिनेत असेल, नाहीतर उंदराने कुरतडलेल्या वायरीत.

आपल्याकडे तर कपलरवर पहिला संशय घ्यायचा. दापोली वर, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर, पण हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर सगळं हाकेच्या अंतरावर. गाडी बंदरावर किंवा किनाऱ्यावर उभी राहते, खारा वारा बॉनेटच्या आत शिरतो. वरून वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मीठ आणि ओल एकत्र आली की कपलरच्या आतल्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि तिथे वीज अडते. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंच्या वायरिंगकडे एकदा बघ, बर्फाचं खारं पाणी सतत ठिबकून त्यांची काय दशा होते ते कळेल. दुसरा शत्रू उंदीर. पावसाळ्यात शेतातली बिळं पाण्याने भरली की त्यांना कोरडी, ऊबदार जागा हवी असते आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन त्यांना आयतंच सापडतं. बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधतात काही जण. माझा त्यावर भरवसा नाही. गाडी गोठ्यापासून आणि लाकडांच्या ढिगापासून लांब लाव, आणि छपराखाली असेल तर रात्री बॉनेट थोडं उघडं ठेव. त्याचा उपयोग जास्त होतो.

हे शिकायचं कशाला, दापोलीत चांगले मेस्त्री आहेत की, असं म्हणशील. आहेत, आणि त्यांच्याकडे जावंच. पण ३ जून २०२० आठव. निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड झोडपून काढलं, झाडं रस्त्यावर आडवी झाली, कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती आणि वर करोनाची टाळेबंदी. पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि जिथून सामान यायचं ती दुकानंच बुडाली. अशा वेळी घरात आजारी माणूस असतो आणि गाडी सुरू होत नसते. त्या दिवसासाठी हात तयार ठेवायचे.

पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांना असले सेन्सर जवळजवळ नव्हतेच. स्क्रू पिळून पेट्रोल कमीजास्त करायचं, संपलं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, तसं इंजिनाला क्षणाक्षणाची खबर लागायला लागली. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, तिथे या गाड्यांच्या धुराची चाचणी होते. सेन्सर हे त्या चाचणीत उतरण्यासाठी बसवलेले डोळे-कान आहेत. म्हणून सेन्सर काढून टाकणं, वायर जोडून दिवा विझवणं, रेझिस्टर लावून इंजिनाला फसवणं असले उद्योग करायचे नाहीत. कुणी सुचवलं तरी नाही म्हणायचं.

आता तुझ्या गाडीच्या टेम्परेचर सेन्सरचं सांगतो, कारण घरी करण्यासारखं पहिलं काम तेच. थर्मोस्टॅटच्या घराजवळ, जिथून जाड रबरी नळी रेडिएटरकडे जाते, तिथे पितळेचा बोटाएवढा तुकडा आत पिळलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर दोन वायरींचा कपलर. आत एक रोधक असतो, तापला की त्याचा रोध घटतो. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि परत काय येतं त्यावरून पाणी किती तापलंय ते ओळखतो. इंजिन गार आहे असं कळलं तर पेट्रोल जास्त सोडतो, गरम आहे असं कळलं तर कमी करतो, वेळ आली की पंखा चालू करतो. हा सेन्सर खोटं बोलायला लागला तर सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, धुराला पेट्रोलचा वास येतो, अॅव्हरेज पडतं, पंखा सकाळपासून फिरत राहतो किंवा फिरतच नाही.

पंखा फिरत नसेल आणि काटा लाल रेषेकडे चालला असेल, तर सेन्सरचा विचार नंतर. गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर. गार झाल्यावर आधी कूलंट किती आहे ते बघ. कूलंट कमी असेल तर सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत राहतं आणि आकडा चुकतो. तो बिचारा सेन्सर निर्दोष असतो.

तपासायला लागतो तो साधा मल्टिमीटर, विजेच्या सामानाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. चावी बंद असताना कपलर काढ. कपलरला एक छोटी जीभ असते, ती अंगठ्याने दाबायची आणि कपलरचं अंग धरून ओढायचं. वायरीला धरून ओढायचं नाही, कधीच नाही. उष्णतेने जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, जीभ तुटली की कपलर सैल राहतो आणि दर खड्ड्याला दिवा लागतो. आत डोकाव. हिरवट थर, पाण्याचा थेंब, वाकलेली पिन, काय दिसतं ते बघ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मार, वाळू दे, पुन्हा लाव. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नकोस, कपलरच्या आतलं रबरी सील फुगतं. कित्येकदा काम इथेच संपतं, पाना हातात घ्यावाही लागत नाही.

दिवा तरीही राहिला तर पुढची पायरी. कपलर सुटा असताना चावी चालू कर, इंजिन नाही, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या दोन्ही पिनांना टोकं लाव. पाचच्या आसपास आकडा आला तर ईसीयूपासून इथपर्यंतची वायर ठीक. आकडाच नाही आला तर बहुधा वायरीतच दोष आहे, नवा सेन्सर घालून काही होणार नाही. वायर हाताने चाचपत मागे जा, उंदराचे दात बहुतेक वेळा इंजिनाच्या मागच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात दिसतात. हे करताना पंखा आपोआप सुरू झाला तर दचकू नकोस. सेन्सर सुटला की इंजिन वाचवायला पंखा चालू ठेवायचा, अशी सोय पुष्कळ गाड्यांत असते. त्यासाठीच ओढणी, केस, बाही पंख्यापासून लांब ठेव.

वायर ठीक असेल तर सेन्सरचा रोध मोज. मीटर ओहमवर, टोकं सेन्सरच्या दोन पिनांना. आपल्याकडच्या पुष्कळशा गाड्यांच्या सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या जवळपास असतो, ४० अंशांना साडेअकराशे, ६० ला सहाशेच्या आत, ८० ला सव्वातीनशेच्या घरात. तुझ्या गाडीचे नेमके आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, ते मेस्त्रीकडून एकदा विचारून वहीत लिहून ठेव. काढलेल्या सेन्सरची (कसा काढायचा ते पुढे सांगतो) खरी परीक्षा पातेल्यात होते. स्वयंपाकाचं पातेलं नको, टाकाऊ डबा घे. पाणी तापव, सेन्सर दोऱ्याला बांधून फक्त पितळेचा भाग पाण्यात बुडेल असा सोड, तळाला टेकू देऊ नकोस, पिनांकडची बाजू कोरडी राहू दे. पाणी तापेल तसा मीटरवरचा आकडा अडखळल्याशिवाय उतरत गेला पाहिजे. दापोलीत पाणी उकळतं ९९ अंशांना, तिथे आकडा दोनशेच्या आसपास यावा. मध्येच उडी मारली, एका जागी थांबला किंवा मीटरने अनंत दाखवलं, तर हा सेन्सर संपला. आता पैसे खर्च कर.

नवा आणताना जुना सोबत ने किंवा त्याच्यावर छापलेला नंबर आणि गाडीचा चासी नंबर दे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस, या गल्ल्यांत कुठल्याही गाडीचा सुटा भाग मिळतो आणि एसटीच्या पार्सलने गावात येतो. पण त्याच गल्ल्यांत हुबेहूब नकलीही मिळतात. सेन्सरच्या बाबतीत नक्कल घेऊ नकोस. दिसायला तोच, आटे तेच, पण तापमानाचे आकडे वेगळे, आणि मग दोष सापडता सापडत नाही. नवा आला की गाडीत बसवण्याआधी त्यालाही पातेल्याची परीक्षा द्यायला लाव.

बदलायला हत्यारं मोजकीच. बॅटरीसाठी १० नंबरचा पाना, सेन्सरला बहुतेक १९ नंबरचा रिंग पाना, एक फडकं, एक पसरट टोपलं, हातमोजे. पान्याचा नंबर आधी जुन्या सेन्सरवर लावून बघ. सैल पाना कडा खातो, आणि एकदा कडा गेल्या की पक्कड लावायची पाळी येते. काही गाड्यांत सेन्सर पिळलेला नसतो, तारेच्या चिमट्याने अडकवलेला असतो. तिथे पाना लागतच नाही, चिमटा ओढून सरळ बाहेर काढायचा, मात्र चिमटा उडून इंजिनात पडला की तासभर शोधत बसावं लागतं, म्हणून खाली फडकं पसरून ठेव.

काम सकाळी कर. रात्रभर उभी राहिलेली गाडीच हवी. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नकोस. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. गार इंजिनावरही झाकणावर जाड फडकं टाकून हळू फिरव, राहिलेला दाब जाऊ दे, मग पुन्हा लाव. झाकण लावलेलं असलं की सेन्सर काढताना कूलंट कमी सांडतं.

बॅटरीची उणे बाजूची वायर सोड. टोपलं खाली ठेव. नवा सेन्सर, त्याचा वॉशर किंवा ओ रिंग, सगळं डाव्या हाताशी तयार. जुना सेन्सर सैल कर, शेवटचे आटे बोटांनी फिरव, बाहेर काढल्याबरोबर त्या भोकावर बोट धर आणि नवा सेन्सर तिथे टेकव. थोडं कूलंट सांडेल, तेवढंच. जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना, ते आधी बघ. एकावर एक दोन वॉशर बसले तर गळती ठरलेली.

आता सगळ्यात नाजूक क्षण. थर्मोस्टॅटचं ते घर अॅल्युमिनियमचं असतं, सेन्सर पितळेचा. वाकडा पिळलास तर अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि पाचशेचं काम पाच हजारांवर जातं. म्हणून बोटांनी आधी उलटा फिरव. लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवताना करतो तसंच, एका ठिकाणी 'टक' होऊन आटा आट्यात बसतो. मग सुलटा फिरव. तीन-चार फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. जड लागलं तर थांब, काढ, पुन्हा. बोटांनी पुरता घट्ट झाला की पाना लाव, पण पाना टोकाला धरू नकोस, डोक्याजवळ आखूड धर, आणि जेमतेम पाव फेरा दे. टॉर्क रेंच नसतो तेव्हा हा आखूड हात कामाला येतो. नव्या सेन्सरवर वॉशर असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस. एका वायरीचे जुने सेन्सर अंगानेच अर्थिंग घेतात, त्यांना टेप लावली तर आकडाच बिघडतो.

कपलर 'टक' आवाज येईपर्यंत दाब, बॅटरी जोड. आता हवा काढायची. कूलंट गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाल. तयार मिश्रण नसेल तर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याकडच्या विहिरीचं तर अजिबात नको. गाडी नाक वर करून चढावर लाव, हँडब्रेक ओढ, चाकांना मागून दगड लाव. दापोलीत चढ शोधायला लांब जावं लागत नाही. झाकण उघडं ठेव, हीटर पूर्ण गरमवर कर आणि इंजिन चालू कर. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. पाणी वर उसळायला लागलं की झाकण बंद कर. पंखा एकदा स्वतःहून चालू होऊन बंद झाला म्हणजे सेन्सर, ईसीयू आणि पंखा तिघांचं जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघ आणि सेन्सरच्या मुळाशी बोट फिरवून ओल आहे का पाहा. दिवा लगेच विझला नाही तर काळजी करू नकोस, काही फेऱ्यांनंतर तो आपोआप जातो.

सांडलेलं कूलंट लगेच धुऊन पुसून घे. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं-मांजर चाटतं आणि मूत्रपिंडं जाऊन मरतं. टोपल्यातलं खळ्यात ओतू नकोस, विहिरीच्या बाजूला किंवा आगरातल्या पाटात तर मुळीच नको. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून गॅरेजला दे.

टेम्परेचर सेन्सर जमला की क्रँक सेन्सर अवघड नाही. गाडी घाटात तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते, तेव्हा संशय याच्यावर. बहुतेक गाड्यांत तो एकाच १० नंबरच्या बोल्टवर असतो, जागा मात्र अडचणीची, कधी गाडीखालून हात घालावा लागतो. तेव्हा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. घोड्या लावायच्या, त्या नसतील तर गॅरेजला जायचं. बोल्ट काढल्यावर सेन्सर डावी-उजवीकडे हलवत पिळून काढ, पेचकसने उचकटू नकोस, प्लास्टिक मोडून तुकडा आत राहतो. टोकाला चुंबक असतं, त्याला लोखंडाचा चुरा चिकटलेला दिसला तर पुसून पुन्हा लावून बघ. नव्याच्या ओ रिंगला इंजिन ऑइलचा एक थेंब लाव. दोन वायरींचा असेल तर ओहमवर तपासता येतो, तीन वायरींचा असेल तर ओहमने काही कळत नाही, तिथे मेस्त्रीचाच सल्ला घे.

सायलेन्सरच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे आपल्या हवेत गंजून एकजीव झालेला मामला. त्याच्यासाठी खाच असलेली खास गोटी मिळते, पण जुना टाकायचाच आहे हे नक्की झालं असेल तर त्याची वायर कापून २२ नंबरचा रिंग पाना वरून घालता येतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मार, सकाळी गाडी दोन मिनिटं चालवून नळी कोमट कर, मग जोर लाव. नव्याच्या टोकाला हात, तेल, ग्रीस काही लागू देऊ नकोस. आणि जवळपास सिलिकॉनचा सीलंट वापरू नकोस, त्याच्या वाफेने हा सेन्सर मरतो.

काही गोष्टींना मात्र घरी हात लावायचा नाही. डिझेल गाडीच्या कॉमन रेलवरचा प्रेशर सेन्सर, कारण तिथे हजार बारच्या वर दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी, त्या एअरबॅगच्या. नारिंगी वायरी, त्या हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांच्या जास्त दाबाच्या विजेच्या. आणि गाडी वॉरंटीत असेल तर पाना पेटीतच राहू दे.

यंदा आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं काढशील तेव्हा त्यात हेही धर. एका सकाळी गार इंजिनावर बॉनेट उघड, बॅटरी सोड, पिवळे-नारिंगी वगळून हाताला येणारे कपलर एकेक करून काढ, बघ, साफ कर, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवून पुन्हा लाव. एका वेळी एकच काढ, म्हणजे अदलाबदल होणार नाही. कुठला कपलर कुठे, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेव. मल्टिमीटर विकत घेऊ नकोस, माझा आहे तो घेऊन जा.